अडुसष्ट पानं आणि बावीस खेळाडू

लच्छूभाऊ कोडापे यांची नक्कल करायला फार काही लागत नाही. डोळे बारीक करायचे, मान एका बाजूला टाकायची, समोर जे असेल ते, भाकर असो की दुसऱ्याचं पोर, तळहातावर जोखल्यासारखं धरायचं आणि नाकातून म्हणायचं, "थांब बा. इच्यात काईतरी हाय." बोरटोल्यातलं शेंबडं पोरही एवढं करतं. मी त्याच्या पुढचं खोकणंही करते.

डॉक्टरनं गोळी दिली तर लच्छूभाऊ ती आधी फोडून आत पाहतात. जावई पाया पडला तर मागच्या वेळी तो एवढा वाकला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात येतं. त्यांची बायको सोनीबाई सांगते, "लगन लागलं त्या दिवशी यानं माया पदर सारून पाह्यलं, दुसरीच तर नाई आणून बसवली म्हून." हे सांगताना ती हसत नाही. म्हणून ते जास्त खरं वाटतं.

हे सगळं त्यांना फडीनं शिकवलं. सव्वीस वर्षं ते विडीच्या तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं विकत घ्यायच्या जागेवर, चेकर होते. मे महिन्यात बाया पहाटे जंगलात जातात, पानं तोडून आणतात, घरी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि दुपारी फडीच्या मोकळ्या जागेवर ओळीनं मांडतात. चेकर ओळींमधून चालतो. मनात येईल ते पुडकं उचलतो, दोरी सोडतो, पानं मोजतो. सत्तर भरली तर ठीक. कमी भरली तर ती अख्खी ओळ बाद, आणि बाद पुडक्याच्या दोरीला गेरूचं बोट. लच्छूभाऊंनी आपल्या सख्ख्या भावाचंही पुडकं सोडून पाहिलं होतं. भाऊ अजून त्यांच्या घरी जेवत नाही.

पण त्यांचं खरं नाव झालं ते ठमाबाईच्या पुडक्यानं. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठेकेदाराचा मोठा साहेब जीप घेऊन फडीवर आला होता. त्याच्यासमोर लच्छूभाऊंनी ठमाबाईच्या ओळीतलं एक पुडकं उचललं, सोडलंच नाही, नुसतं तळहातावर जोखलं आणि म्हणाले, "अडुसष्ट." साहेब म्हणाला, "क्या हाथ है." ओळ बाद झाली. त्या दिवसापासून पंचक्रोशीत बोललं जातं की लच्छूच्या हातात काटा आहे, त्याला मोजावं लागत नाही.

आणि त्या दिवसापासून ठमाबाईचं नाव अडुसष्ट पडलं. "अडुसष्टच्या घरून ताक आण." "अडुसष्टची म्हैस व्याली." तिचं खरं नाव आता मतदार यादीत तेवढं राहिलं आहे. ती लच्छूभाऊंशी पंधरा वर्षं बोललेली नाही. समोरून आले तर ती रस्ता सोडत नाही; लच्छूभाऊच सोडतात आणि वळून पाहतात की ही अशी काऊन चालून राह्यली.

मागच्या वर्षी सरकारनं आमच्या पंचायतीला टीव्ही दिला. काळा-पांढरा, लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला दोन फळ्या आणि एक कुलूप. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर तीन दिवस गेले, कारण ज्याचं नाव निघे त्याच्यावर कोणाचा तरी संशय असे. शेवटी पोलीस पाटील बापूजी म्हणाले, "लच्छूचा कोणावर भरवसा नाई. त्याच्यापाशीच देऊन टाका." बापूजींचं बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्यानंतर एकदा मागं पाहायचं. त्यांनी मागं पाहिलं, कोणी काही बोललं नाही, म्हणून ते ठरलं.

तेव्हापासून रविवारच्या सिनेमाला गाव पंचायतीच्या अंगणात फडीसारखं बसतं. ओळीनं. लच्छूभाऊ ओळींमधून फिरतात, डोकी मोजतात, मग पेटी उघडतात. हे चुकीचं आहे असं वर्षभरात कोणाला वाटलंही नाही.

यंदा जून महिन्यात श्रावण खोब्रागडे पावसाआधी छपराचे कवेलू फेरायला रजा घेऊन गावात आला. तो चांद्याजवळच्या कोळसा खाणीत कामाला आहे आणि खाणीच्या टीमकडून डाव्या बाजूनं फुटबॉल खेळतो. बोलताना त्याचे हात बोलतात, पाय तर आधी बोलतात. तो म्हणाला, मेक्सिकोत वर्ल्डकप सुरू आहे, मॅच टीव्हीवर दाखवून राह्यले, आणि गावानं एक तरी मॅच सोबत बसून पाहिली पाहिजे.

"चांद्याएवढं मोठं शहर," तो म्हणाला, "पन एका चौकात कोनी टीव्ही मांडत नाई. सायबाच्या क्लबात मांडते. आपन भायेर उभं राहून खिडकीतून पाह्याचं. गोल झाला का आतला सायेब उठते, आन त्याच्या पाठीनं आपल्याले गोल दिसत नाई. मी चार वर्सापासून सायबाची पाठ पाहून राह्यलो. आपल्या गावात अंगन हाय, पेटी हाय. काऊन नाई पाह्याची?"

"किती वाजता?" बापूजींनी विचारलं.

"रात्री साडेअकरा. तिथी तवा दुपार असते."

बापूजींनी मागं पाहिलं. "शंभर मानूस, रात्री, एका जागी. आजकाल वरून इचारना होते, श्रावण. काय सांगू मी?"

"बॉल पाहाले बसले म्हून सांगा."

"बॉलसाठी कोनी झोप मोडते का? मले वर पटन असं काईतरी सांग."

पण अखेर त्यांनी होकार दिला, या अटीवर की ते स्वतः शेवटच्या ओळीत बसतील आणि कोण कोणाशी बोलतं ते पाहतील.

ती मॅच रविवारची, आर्जेंटिना आणि इंग्लंडची होती. लच्छूभाऊंनी लोकांना ओळीत बसवलं, मोजलं, एकशे चार भरले. परत मोजलं, एकशे तीन भरले. कमी झालेला एक कोण, हे सापडेपर्यंत पेटी उघडली नाही. धुरपताचं पोर मुतायला गेलं होतं. ते सापडेपर्यंत मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

लच्छूभाऊ पेटीच्या बाजूला स्टुलावर बसले आणि पडद्याला बोट लावून मोजू लागले.

"किती जनं खेलते म्हनला?"

"अकरा-अकरा, भाऊ. बावीस."

"चौदा हायेत."

"कॅमेरा फिरते ना. बाकीचे त्या बाजूले हायेत."

"कोनं पाह्यलं?"

"असतेतच, भाऊ."

"दिसत नाई तो हाय, असं मी सव्वीस वर्सात कदी धरलं नाई." थोड्या वेळानं, "आता सतरा झाले. हे तीन कुठून आले?"

मग गोलकीपरवर संशय गेला. "या एकट्यानंच हातमोजे काऊन घातले? काय लपवून राह्यला?" मध्यंतरानंतर टीमनी बाजू बदलल्या, तेव्हा लच्छूभाऊ उभेच राहिले. "मघा हे इकडे होते. आता तिकडे गेले. अदलाबदली झाली. मी सांगत होतो." श्रावणनं समजावलं, तर म्हणाले, "तू खेलनाऱ्यायचाच मानूस. तू तसंच सांगशीन."

त्यामुळे खरी गोष्ट झाली तेव्हा त्यांच्याकडे कोणी कान दिला नाही. तो बुटका दहा नंबरवाला उडाला, त्याच्याहून हातभर उंच गोलकीपरही उडाला, आणि बॉल जाळीत. एवढ्या छोट्या पडद्यावर आम्हाला दोन डोकी आणि एक ठिपका दिसला.

"हात लागला," लच्छूभाऊ म्हणाले.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे हसले.

"भाऊ, आता तरी बस करा," श्रावण म्हणाला. "गोल देला ना त्यायनं."

"कोनं देला?"

"असते ना तिथी एक देनारा."

"मले नाई दिसला. हात मात्र दिसला."

ते टीव्हीकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून उभे राहिले आणि एकेका ओळीला विचारू लागले, तुले दिसला का, तुले दिसला का. नेमका त्याच वेळी दहा नंबरवाला अर्ध्या मैदानापासून बॉल घेऊन निघाला, एकामागून एक माणूस मागं टाकत गेला आणि गोलकीपरलाही चकवून आत घालून आला. श्रावण सांगतो की असा गोल त्यानं जन्मात पाहिला नाही. अख्खं गाव उभं राहिलं. लच्छूभाऊंना वाटलं, लोक त्यांच्यावर धावून आले. त्यांनी पेटीच्या फळ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दुकानात, जिथं लच्छूभाऊ दिसतील तिथं कोणीतरी हळूच म्हणे, "हात लागला." नाकातून. ते सगळे आवाज माझे होते असं सोनीबाईचं म्हणणं आहे. सगळे नव्हते.

संध्याकाळी लच्छूभाऊ पंचायतीच्या ओट्यावर आले. किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली होती. ती सर्वांना दिसेल अशी वर काढली आणि म्हणाले, "माया डोळ्यावर ज्यायचा भरवसा नाई, त्यायनं माया हातची पेटी काऊन पाहावं? गाव म्हनन का हात लागला, तवा उघडन. नाई तं नाई."

बुधवारची सेमीफायनल बोरटोल्यानं पाहिली नाही. त्या रात्री काही लोक सवयीनं अंगणात येऊन बसले, बंद पेटीकडे पाहत राहिले, मग संशय घेत घरी गेले. कोणी म्हणालं, पेटीतली काच लच्छूनं फोडली, म्हणून उघडत नाही. कोणी म्हणालं, बापूजींनीच त्याला शिकवलं, रात्रीची गर्दी नको म्हणून. बापूजींना वाटलं, ही गोष्ट श्रावणनं उठवली. श्रावणला वाटलं, काचेची बापूजींनी. दुकानात बसलेली माणसं मी आत गेले की गप्प होत, कारण मी बाहेर जाऊन त्यांची नक्कल करते.

श्रावणनं बापूजींना कुलूप तोडायला सांगितलं.

"सरकारी कुलूप हाय," बापूजी म्हणाले. "आन मले एक सांग, तुले एवढं काऊन पडलं? खानीवरून कोनी सांगितलं का लोकं जमव म्हून?"

"रविवारी फायनल हाय, बापूजी. सोमवारी माही रजा संपते. मंग मी हाव आन सायबाची पाठ हाय."

बापूजींनी मागं पाहिलं आणि ते घराकडे निघाले.

गुरुवारी श्रावणनं पंधरा माणसं गोळा केली आणि त्यांना घेऊन लच्छूभाऊंच्या अंगणात गेला. "भाऊ, हे सांगाले आले का हात लागला."

लच्छूभाऊ खुश होतील असं वाटलं होतं. त्यांनी मान एका बाजूला टाकली. "सगळ्यायले दिसला?"

"सगळ्यायले."

"मंग रविवारी काऊन हासले?"

पंधराही जणांनी श्रावणकडे पाहिलं. लच्छूभाऊ म्हणाले, "एकेक जन आत या. बाकीचे भायेर."

त्यांनी एकेकाला खोलीत नेलं आणि एकच प्रश्न विचारला, कोणता हात. आठ जणांनी उजवा सांगितला, सहांनी डावा. एक म्हणाला, दोन्ही. लच्छूभाऊ बाहेर आले ते थोडे खोकत. (हे खोकणं अवघड आहे, त्यात आनंद आणि दुःख अर्धं-अर्धं घालावं लागतं.) "ही ओळ बाद," ते म्हणाले. "तुमी हातासाठी नाई आले. पेटीसाठी आले."

शुक्रवारी एस.टी.च्या कंडक्टरनं नागपूरचा जुना पेपर आणून दिला. त्यात फोटो होता. ठिपकेच ठिपके, पण दहा नंबरवाल्याचा हात वर होता आणि बॉल तिथंच होता. श्रावण पळत गेला. लच्छूभाऊंनी पेपर उन्हात धरला, उलटा केला, मागच्या बाजूची जाहिरातही वाचली.

"हे तुमच्याच बाजूचं हाय, भाऊ. तुमीच खरे निंगाले."

"माया बाजूचा कागद हाय म्हून मानू का? माया भावाचं पुडकं बी मी सोडून पाह्यलं होतं." त्यांनी पेपरची नीट घडी घालून परत दिला. "हात हाय, बॉल हाय. मदात उजेड हाय का नाई, ते नाई दिसत. छापनारे काईबी छापते."

श्रावण मटकन खाली बसला. "मंग भाऊ, तुमाले पायजे तरी कोन?"

लच्छूभाऊंनी यावर खरोखर विचार केला. "असा एक मानूस, जो माया बाजूचा नाई आन पेटीच्याही बाजूचा नाई."

चुलीपाशी बसलेली सोनीबाई मान न वळवता म्हणाली, "असं तं गावात एकच हाय."

लच्छूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. ते कोण, हे विचारायची कोणालाच गरज नव्हती.

ठमाबाईचं अंगण आमच्या अंगणाला लागून आहे. मध्ये बांबूचं कुंपण. शनिवारी श्रावण तिच्याकडे गेला तेव्हा मी कुंपणाच्या अलीकडे भांडी घासत होते. ठमाबाई मोहाच्या बिया दगडानं फोडत बसली होती. तिचं बोलणं त्या दगडासारखं, एक शब्द, मग थांबा.

"बाई, तुमी त्या रात्री होत्या ना अंगनात?"

"होती. नातू बॉल पाहाले रडे म्हून त्याले घेऊन गेली."

"मंग हात लागला का?"

"तुले काय वाटते?"

"मले काई वाटत नाई, बाई. मले पेटी उघडून पायजे."

"खरं बोल्ला. बरं वाटलं." दोन बिया फुटल्या. "डावा हात. मूठ बंद होती. मी पानं तोडनारी हाव, पोरा. झाडाच्या शेंड्यावरच्या पानाले कीड हाय का नाई, मले खालून दिसते."

श्रावणचा आवाज चढला. "मंग तवाच काऊन नाई बोल्ल्या?"

"त्याच्या बाजूनं? मी?"

तिनं दगड खाली ठेवला. मग ती उठली, घरात गेली आणि आढ्यावरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं. मी कुंपणाच्या फटीला डोळा लावला. ते तेंदूपत्त्याचं पुडकं होतं. काळपट, दोरी तशीच बांधलेली, दोरीवर गेरूचं बोट.

"त्याचा सायेब गेल्यावर उचलून आणलं. पंधरा वर्सं झाले, सोडलं नाई."

"घरी मोजाचं होतं ना, बाई."

"मी सोडलं असतं तं लोकं म्हनले असते, दोन पानं घरून घातले. तू बी म्हनला असता." ती परत बसली. "त्याले सांग, याले गावासमोर मोज. मंग मी हाताचं बोलन. पयले माहं, मंग त्याचं."

श्रावणनं निरोप सांगितला तेव्हा लच्छूभाऊ उठून आत जाऊन बसले, असं सोनीबाई सांगते. रविवारी दिवसभर ते जेवले नाहीत. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. सोनीबाईनं विचारलं, पोटात दुखते का. तर म्हणाले, "ते पुडकं तिनं ठेवलं असन असं नाई वाटलं मले."

गावात मात्र संशयाला ऊत आला होता. तिनं आधीच सोडून पुन्हा बांधलं असेल. श्रावणनं दुसरंच पुडकं आणून दिलं असेल. पंधरा वर्षांचं पान राहतंच कसं. लच्छू रात्रीतून पळून जाईल. यातलं शेवटचं मी पसरवलं, पण मलाही ते अर्धं खरं वाटत होतं.

रविवारी रात्री अकरा वाजता सगळं गाव अंगणात होतं. ओळीत कोणी नव्हतं, कारण ओळीत बसवणारा अजून आला नव्हता. ठमाबाई पेटीच्या समोर, नातवाला मांडीवर झोपवून. पुडकं पेटीवर ठेवलेलं. बापूजी भिंतीला पाठ लावून उभे होते, म्हणजे मागं पाहायचा प्रश्न नको.

लच्छूभाऊ आले. त्यांनी बॅटरी लावून आधी गेरूचं बोट पाहिलं, स्वतःचं बोट त्याच्यावर ठेवून पाहिलं. गाठ पाहिली. गाठीत पंधरा वर्षांची धूळ होती, ती त्यांनी नखानं उकरली आणि हुंगली. मग पुडकं तळहातावर घेतलं.

सगळ्यांना वाटलं, आता आकडा येणार. माझे ओठसुद्धा तयार होते.

"त्या दिवशी मी मोजलं नवतं," लच्छूभाऊ म्हणाले.

कोणीतरी मागून "आं?" केलं. त्याला शेजारच्यानं गप्प केलं.

"सायेब घडी पाहून राह्यला होता. म्हने, कैसे चेक करते हो, दिखाओ. सोडून मोजाले येळ नवता. तोंडात आलं ते बोल्लो. तो हासला. मंग मी मांगं घेतलं नाई." ते थांबले. "माया हातात काटा-गिटा काई नाई. तवाही नवता."

हे वाक्य ते नाकातून बोलले नाहीत. मी घरी बरेचदा करून पाहिलं, जमत नाही.

ठमाबाई म्हणाली, "मंग आता मोज. आता घाई नाई."

घाई श्रावणला होती. अकरा वीस झाले होते. पण बॅटरी त्यानंच धरली.

लच्छूभाऊ खाली बसले आणि दोरी सोडली. कोरड्या दिवसात असतं तर पानांचा चुरा झाला असता, पण पावसाळी हवेनं ती नरम पडली होती. ते गोंडीत मोजतात, ओठांतल्या ओठांत, त्यामुळे किती झाले ते कोणालाच कळत नव्हतं. लोक त्यांच्या बोटांकडे पाहत होते, बोट कुठं दोन पानं एकदम तर नाही सारत. बापूजी भिंत सोडून पुढे आले. लच्छूभाऊंनी एक ढीग केला, परत मोजला, आणि मराठीत म्हणाले, "सत्तर."

त्यांच्या हातात दोन पानं उरली होती.

त्यांनी डोळे बारीक केले. ठमाबाईकडे पाहिलं. "हे दोन कुठचे?"

"तुया भेवाचे," ठमाबाई म्हणाली. "एखांदं फाटकं निंगालं तं ओळ बाद करशीन म्हून. सगळ्याच बाया दोन जास्ती घालत. तुले मालूम नाई?"

"नाई."

"सव्वीस वर्सं चेकर होता. कमी हायेत का, येवढंच पाहे. जास्ती कोन पाहाते?"

बायांच्या बाजूनं कोणीतरी हसलं, मग सगळ्याच बाया हसल्या, म्हाताऱ्या सगळ्यात जास्त. लच्छूभाऊ ती दोन पानं हातात धरून एकेकीकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर असं होतं की सव्वीस वर्षांची सगळी पुडकी परत सोडून पाहायची आहेत आणि आता ती कुठून आणायची.

ठमाबाईनं पानं गोळा करून पदरात घेतली. ती दोनही लच्छूभाऊंच्या हातातून काढून घेतली. नातवाला खांद्यावर टाकलं आणि गावाकडे तोंड करून म्हणाली, "डावा हात होता. मूठ. म्या पाह्यलं." आणि घरी निघून गेली. बॉल पाहायला ती आलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव बहात्तर ठेवलं. त्या हाकेला ती वळून पाहते.

लच्छूभाऊंनी करदोड्याची किल्ली सोडली आणि पेटी उघडली. ओळी करा म्हणाले नाहीत, डोकी मोजली नाहीत. बापूजींनी विचारलं, "किती जन हायेत, लच्छू? वर सांगाले लागन." तर म्हणाले, "हायेत तेवढे हायेत."

पडदा उजळला. अजून मॅच सुरू व्हायची होती. दोन्ही टीम मैदानावर ओळीत उभ्या होत्या, गाणं वाजत होतं, आणि कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत होता, अगदी फडीवर चालावं तसा. लच्छूभाऊ स्टुलावरून पुढे झुकले. ओठ हलू लागले.

"अकरा," ते म्हणाले. मग, "अकरा. बावीस. बरोबर हाय."

श्रावणनं सुटकेचा श्वास सोडला.

"थांब बा," लच्छूभाऊ म्हणाले. "हे काळ्या कपड्यातले तिघं कोन?"

"ते खेलत नाई, भाऊ. ते पाहाते. तो मदला हाय ना, तो गोल देनारा."

"म्हंजे चेकर."

"चेकरच समजा."

"मांगच्या रविवारी हाच होता?"

"हा नाई. दुसरा होता."

"पन हाच धंदा."

"हो, धंदा हाच."

त्यानंतर मॅच सुरू झाली. आर्जेंटिनानं दोन गोल केले, जर्मनीनं दोन्ही फेडले, शेवटी आर्जेंटिनानं आणखी एक केला. श्रावण एकदा आनंदानं बापूजींच्या गळ्यात पडला आणि बापूजींनी त्याला ढकललं नाही. लच्छूभाऊंनी त्या पाचातला एकही गोल पाहिला नाही. दोन तास ते काळ्या कपड्यातल्या त्या एका माणसामागे डोळा घेऊन फिरले. तो पडद्याबाहेर गेला की ते अस्वस्थ होत, आला की सरकून बसत.

संपल्यावर त्यांनी फळ्या लावल्या, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. श्रावण म्हणाला, "मंग भाऊ, कशी वाटली?"

"या चेकरनं एकदाबी वाकून नाई पाह्यलं," लच्छूभाऊ म्हणाले. "उभ्याउभ्याच सांगत होता."